भाजीची हातगाडी बनवताय? मग दुपारी दोनची गाडी बनवा

सकाळी सातला कुठलीही गाडी छान दिसते. माल नुकताच मार्केट यार्डातून आलेला असतो, मेथीवर पाणी असतं, टोमॅटो चकचकत असतात, त्या वेळी मोडकी खाट रस्त्यात टाकून भाजी मांडली तरी गिऱ्हाईक थांबतं. दुपारी दोनला बघा. कोथिंबिरीने मान टाकलेली असते, पालक कागदासारखा झालेला, काकडी दाबली की वाकते, आणि आपलं खरं गिऱ्हाईक तर ऑफिस सुटल्यावर साडेसहाला येणार. तोपर्यंत माल जगवायचं काम गाडीचं आहे. म्हणून गाडी बनवायला घेताना डोळ्यासमोर दुपारी दोनची वेळ ठेवा.

हे शहाणपण मला एक उन्हाळा आणि एक मोडकी गाडी घालवून आलंय. आम्ही सासवडकडचे. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, थेट विकायला मोकळीक मिळाली, तेव्हा आईने ठरवलं की आपला मटार, गवार, वांगी आपणच पुण्यात विकायची आणि जे शेतात नाही ते यार्डातून घ्यायचं. गाडी धनकवडीत लागते. माझा मामा गेट-ग्रिलचं फॅब्रिकेशन करतो, त्याने पहिली गाडी अगदी जीव लावून बनवली आणि ती इतकी मजबूत झाली की रिकामी ढकलतानाच आईला धाप लागायची. दुसरी गाडी आम्ही दोघांनी आईला विचारून विचारून बनवली, तिच्याबद्दल हे लिहितोय.

लोखंड आणायच्या आधी टेप घेऊन चार मापं घ्या. पहिलं माप कागदावरचं. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्याप्रमाणे विक्री प्रमाणपत्र मिळतं आणि शहरात यासाठी समिती असते जिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावे लागतात. तुम्हाला जी जागा मिळालीय किंवा मिळणार आहे तिथे किती लांब-रुंद गाडी चालते ते आधी विचारून घ्या, गाडी बनवल्यावर नको, कारण वेल्डिंग केलेली गाडी चार इंच कापायची म्हणजे नवीन बनवण्याइतकंच काम. दुसरं माप रस्त्याचं, रात्री गाडी जिथे ठेवणार त्या बोळाची सगळ्यात अरुंद जागा किती आहे. आमच्या बोळात एक विजेचा खांब पुढे आलाय, तिथे पावणेचार फूट मिळतात, म्हणून गाडी साडेतीन फुटांची. तिसरं माप ढकलणाऱ्याचं. आई पाच फूट, तिचं कोपर जमिनीपासून साधारण सदतीस इंचावर येतं, म्हणून दांडा पस्तीस इंचावर घेतला. दांडा कोपराच्या किंचित खाली हवा, त्याहून वर गेला की खांदे भरून येतात आणि खूप खाली गेला की कंबर जाते. चौथं माप क्रेटचं. यार्डात जे प्लॅस्टिकचे क्रेट फिरतात ते साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरचे असतात, टोमॅटोचा भरला की वीस किलोच्या पुढे जातो. सहा फूट लांबीत हे तीन क्रेट आडवे बरोबर बसतात आणि साडेतीन फूट रुंदीत दोन ओळी, म्हणजे खालच्या कप्प्यात सहा क्रेट. आमच्या पहिल्या गाडीची लांबी साडेपाच फूट होती, कुणी काही मोजलंच नव्हतं, त्यामुळे तिसरा क्रेट कायम थोडा बाहेर लोंबायचा आणि येणाजाणाऱ्याच्या गुडघ्याला लागायचा.

आता वजन. मामाचं म्हणणं असायचं, "लोखंडात कंजूसी नको भाच्या, आयुष्यभर टिकली पाहिजे." टिकली असती, ढकलली कुणी असती? अँगल म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी. चाळीसचा पाच एमएमचा अँगल, म्हणजे बाजू चाळीस एमएमची आणि जाडी पाचची, मीटरला तीन किलो भरतो. पंचवीसचा तीन एमएमचा घेतला तर मीटरला एक किलो शंभर ग्रॅमच. एका गाडीला कप्पा, खांब, छप्पर धरून साठेक फूट अँगल लागतो, म्हणजे अठरा मीटर, आता हिशोब करा, एकीकडे चोपन्न किलो आणि दुसरीकडे वीस. आम्ही चाकं जिथे बसतात त्या दोन आडव्या पट्ट्या आणि खालची मुख्य चौकट तेवढी जाड ठेवली आणि बाकी सगळं पंचवीसचं केलं, कोपऱ्यांना तिरके आधार मारले. हे तिरके आधार विसरू नका, गाडी हलते ती पातळ लोखंडामुळे नाही तर चौकटीला तिरका आधार नसल्यामुळे. माल धरून आमची आधीची गाडी अडीचशे किलोच्या घरात जायची. वीस फुटांना एक फूट चढ असेल, आणि धनकवडीत आहे, तर एवढ्या गाडीला नुसत्या चढापायी साडेबारा किलोचा जोर जास्त लावावा लागतो, खड्डे आणि चाकाचा विरोध वेगळा. वीस किलो लोखंड वाचवलं की त्यातला एक किलो कमी होतो, ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो एक किलो सकाळी आणि रात्री अर्धा किलोमीटर ढकलून बघा.

चाकांच्या बाबतीत मी एकच सांगेन, मोठी घ्या. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक खड्ड्यावरून जातं. मागची दोन चाकं सायकलसारखी पण जाड स्पोकची, ती मालवाहू सायकल रिक्षाची मिळतात ती, आणि टायर भरीव रबराचा. हवेचा टायर ढकलायला हलका असतो हे खरंय पण बाजाराच्या रस्त्यावर खिळे, काचा, मोडलेल्या क्रेटचे तुकडे असतात आणि भरल्या गाडीचं पंक्चर काढायचं म्हणजे अख्खा माल खाली उतरवा. पुढची दोन चाकं फिरती ठेवली तर वळायला सोपं जातं पण ती आठ इंचांपेक्षा लहान घेऊ नका, हॉस्पिटलच्या ट्रॉलीला असतात तसली चारपाच इंची फिरती चाकं चेंबरच्या जाळीत अडकली की पुढचा माल थेट रस्त्यावर. चारही चाकं सरळच हवी असतील तर मागचा आख थोडा मध्याकडे घ्या म्हणजे दांडा दाबला की पुढचं उचलतं आणि गाडी जागेवर वळते. बेअरिंगला ग्रीस वेळच्या वेळी. ब्रेकचं म्हणाल तर बाजारात लिव्हरवाले मिळतात, आम्ही मात्र साखळीला बांधलेल्या दोन लाकडी पाचरी ठेवल्यात, उतारावर चाकाखाली सारल्या की झालं, दगड शोधत बसायला नको.

वरचा तळ प्लायचा करायचा की फळ्यांचा यावर आमच्यात बराच वाद झाला. प्लाय सरळ दिसतो, पटकन बसतो, पण सहा बाय साडेतीनचा अठरा एमएमचा तुकडा वीसेक किलो भरतो आणि पाणी मारलं की ते पाणी भाजीखालीच साचून राहतं, मग खालचा थर कुजतो. फळ्या अर्धा अर्धा इंच फट ठेवून मारल्या की पाणीही गळतं आणि खालून वाराही लागतो. फक्त फटीतून मिरच्या, आलं, लसूण पडतो, तेवढ्यापुरत्या पाट्या ठेवायच्या. फळ्यांना वरून रंग नका देऊ, भाजी त्यावर असते, अळशीचं उकळलेलं तेलही नको, नुसतं नीट रंधून गुळगुळीत करा आणि वर धुतलेलं गोणपाट अंथरा. गोणपाट दोन जोड ठेवा, एक गाडीवर एक धुऊन वाळत.

उंची आणि उतार हा भाग पहिल्या वेळी आम्ही सपशेल चुकलो होतो. सपाट टेबलासारखी गाडी केली, तर गिऱ्हाइकाला पुढच्या टोमॅटोपलीकडे काही दिसतच नव्हतं. महात्मा फुले मंडईत जाऊन बघा, १८८६ ची इमारत आहे पण मांडणी शिकायला आजही तीच शाळा, विकणारी बाई उंचावर बसलेली आणि माल तिच्यापासून गिऱ्हाइकाकडे उतरत आलेला, त्यामुळे दहा पावलांवरूनच कळतं कुणाकडे काय आहे. गाडीला तेच लागू करायचं. गिऱ्हाइकाकडची कड जमिनीपासून तीस इंच, तिथून आत चोवीस इंचांत सहा इंच चढ, म्हणजे छत्तीसवर आलो, आणि उरलेले अठरा इंच विकणाऱ्याच्या बाजूला सपाट. चोवीस इंच का, तर साधारण बाईचा हात न वाकता तेवढाच आत जातो. त्यापलीकडचा माल तिला हात लावून निवडता येत नाही, आणि पुण्यात निवडल्याशिवाय कोण घेतं? यापेक्षा जास्त उतार दिला तर लिंबं आणि बटाटे स्वतःहून गिऱ्हाइकाकडे धावतात. कडेला तीन इंचांची पट्टी मारा, तिच्या वरच्या धारेला पॉलिश पेपर मारा कारण दिवसभर तिथे मनगटं घासतात.

अजून एक गोष्ट जी कुठल्याच गाडीला नसते आणि आमच्या गाडीवर आल्यावर बायका हटकून बोलून दाखवतात. गिऱ्हाइकाच्या बाजूला, जमिनीपासून वीसेक इंचावर, सहा इंच रुंद एक फळी बाहेर काढा. पिशवी टेकवायला. बाई एका हातात भरलेली पिशवी धरून उभी असते, दुसऱ्या हाताने वांगी निवडते, पाच मिनिटांत हात दुखला की म्हणते बास झालं, द्या. पिशवी टेकली की तीच बाई गवार पण बघते, काकडी पण बघते. ही फळी बिजागरीवर ठेवा म्हणजे बोळात शिरताना दुमडता येते.

तळावर कप्पे करा पण पक्के नका करू. लाकडी पट्ट्यांना खालून खुंट्या आणि फळ्यांना दोन दोन इंचांवर भोकं, पट्टी उचलून पाहिजे तिथे लावायची. याचं कारण संध्याकाळ. सकाळी दहा किलो टोमॅटोला जेवढी जागा लागते तेवढ्याच जागेत रात्री आठला दीड किलो पसरलेला असला की ते उरलंसुरलं वाटतं, लोक त्याला हातसुद्धा लावत नाहीत. पट्टी आत सरकवली की तोच दीड किलो छोट्या कप्प्यात भरलेला दिसतो. आई दर तासाला पट्ट्या सरकवते. काही जण खाली उलटी पाटी ठेवून तिच्यावर गोणपाट टाकून ढीग मोठा दाखवतात, त्यात काही वाईट नाही, टोमॅटोला उलट बरंच, कारण चारपाच थरांच्या वर रचले की खालचे दबून फुटतात. वर चांगला माल आणि खाली डागी, हे मात्र करू नका. धंदा रोजच्या त्याच चाळीस-पन्नास घरांवर चालतो, एकदा घरी जाऊन पिशवीतून सडकं वांगं निघालं की ती बाई समोरच्या गाडीवर.

सावली. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळी गंमत इथेच आहे. आमच्या पहिल्या गाडीला चार खांब आणि वर निळी ताडपत्री होती, आम्हाला वाटलं झाली सावली. मे महिन्यात पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला ऊन जवळजवळ डोक्यावर असतं, तेव्हा छपराची सावली बरोबर मालावर पडते. पण साडेतीनला ऊन पंचेचाळीस अंशांवर उतरतं. गिऱ्हाइकाचं डोकं आपटू नये म्हणून छप्पर जमिनीपासून सात फुटांवर ठेवावं लागतं, म्हणजे मालापासून चार फूट वर, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात चार फुटांवरच्या छपराची सावली चार फूट पूर्वेला सरकते. गाडीच साडेतीन फुटांची! म्हणजे साडेतीनला अख्खी सावली शेजारच्या फुटपाथवर आणि माल उन्हात. आई रोज म्हणायची ऊन आत येतंय आणि मी रोज ताडपत्री अजून घट्ट बांधायचो, डोकं चालवायला मला महिना लागला.

तर छपराइतकाच पश्चिमेचा पडदा महत्त्वाचा. तुमच्या जागेवर गाडी कुठल्या तोंडाने उभी राहणार ते आधी दुपारी तीन-चारला जाऊन बघा, मोबाईलमध्ये होकायंत्र असतंच, आणि जमलं तर विकणाऱ्याची पाठ पश्चिमेला येईल अशी गाडी लावा, म्हणजे पडदा मागच्या बाजूला येतो आणि गिऱ्हाइकाची बाजू मोकळी राहते. पडदा गोणपाटाचा, पाइपावर गुंडाळता येईल असा. दुपारी सोडायचा, पाणी मारायचं. माठात पाणी गार होतं त्याच कारणाने त्यातून येणारी हवा गार होते. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून विजेशिवायचा शीतकक्ष बनवलाय तो याच तत्त्वावर चालतो. पण ही युक्ती कोरड्या उन्हाळ्याची आहे. नागपूर, अकोला, संभाजीनगरकडे मेमध्ये ती झकास चालेल, मुंबई-कोकणात किंवा आपल्याकडे जुलैमध्ये हवाच इतकी दमट असते की पाणी उडतच नाही, तेव्हा ओला पडदा लावून उपयोग शून्य, उलट भाजी चिकट होते. तिकडे वारा खेळता ठेवणं एवढंच हातात.

छपराला पत्रा नको. तापतो आणि खाली आग ओकतो. ताडपत्री घ्या आणि तिच्या खाली चार बोटं जागा सोडून दुसरं जाड कापड ताणा, मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते. आणि रंग! निळ्या ताडपत्रीखाली टोमॅटो जांभळट दिसतात, हिरव्या जाळीखाली काळपट. एक आजी यायच्या, त्या प्रत्येक वांगं उचलून दोन पावलं मागे जाऊन उन्हात धरून बघायच्या आणि मग पिशवीत टाकायच्या. आईला राग यायचा. मला नंतर कळलं की त्यांचा संशय आमच्यावर नव्हता, ताडपत्रीवर होता. आता खालचं कापड पांढरं आहे, आजी जागेवरूनच वांगी निवडतात, भाव करायचं मात्र सोडलं नाही.

कुठला माल कुठे ठेवायचा हे रंगाच्या आधी स्वभावावर ठरवा. पालेभाज्या विकणाऱ्याच्या बाजूच्या सपाट भागावर, पडद्याच्या आडोशाला. तिथे दोन इंच खोल पत्र्याचे ट्रे बसवा, कोथिंबीर आणि पुदिना मुळाकडून बोटभर पाण्यात उभा, पानं पाण्याबाहेर. मेथी, शेपू, चाकवत यांच्या जुड्या आडव्या पण मुळं आतल्या बाजूला आणि शेंडे गिऱ्हाइकाकडे, लोक शेंडे बघून घेतात. जुडीचं रबर किंवा सुतळी फार घट्ट असेल तर आल्या आल्या सैल करा, आतली पानं गरम होऊन पिवळी पडतात. पाणी थोडं थोडं पण अर्ध्या-पाऊण तासाने मारायचं, पिण्याचंच पाणी, गटाराशेजारच्या नळाचं नको. आणि सगळ्यावर नको. भेंडीवर पाणी बसलं की काळे डाग येतात आणि ती बुळबुळीत होते, कांदा-लसूण-बटाट्याला ओल अजिबात चालत नाही. मुळा, गाजर, बीट यांना चालतं, उलट लागतंच. म्हणून मांडतानाच ओला माल एका टोकाला आणि कोरडा दुसऱ्या टोकाला, म्हणजे बाटलीने पाणी मारताना विचार करावा लागत नाही.

बटाटा उन्हात ठेवू नका, उजेडाने तो हिरवा होतो, कडवट लागतो आणि तो भाग खायलाही चांगला नाही. वर दोन-तीन किलोचा ढीग, बाकी खालच्या कप्प्यात अंधारात, आणि तसंही जड माल खाली राहिला की गाडीचा तोल राहतो. फळं ठेवत असाल तर पिकलेली केळी, पपई, आंबा यांना पालेभाज्या आणि काकडीपासून लांब ठेवा, पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो, इथिलीन म्हणतात, त्याने शेजारची कोथिंबीर आणि काकडी लवकर पिवळी पडते. केळी तर मधे ठेवूच नका, छपराच्या खांबाला दोरीने लटकवा, जागाही वाचते आणि खालून काळी पडत नाहीत.

हे सगळं सांभाळून मग रंग. हिरव्याशेजारी हिरवं नको. भेंडी, गवार, घेवडा, मिरची, शिमला असं ओळीने लावलं की लांबून एकच हिरवा पट्टा दिसतो आणि कुणालाच काही दिसत नाही. मधे टोमॅटो, वांगी, गाजर, फ्लॉवर घाला. आणि ज्या वस्तूसाठी लोक मुद्दाम येतात ती कोपऱ्यात. आमच्याकडे हिवाळ्यात मटार. तो रस्त्याच्या चढाकडच्या कोपऱ्यावर असतो, खाली येणाऱ्या माणसाला आधी तोच दिसतो, मूठभर शेंगा सोलून दाणे वाटीत ठेवलेले. ती वाटी संध्याकाळपर्यंत तीनदा रिकामी होते, लहान पोरं खातात, त्यांच्या आया मग अर्धा किलो घेतात, चालायचंच.

काटा विकणाऱ्याच्या बाजूच्या सपाट भागावर, तळ पाणसळीत बघून, आणि आकडे गिऱ्हाइकाला दिसतील असा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनाची, म्हणजे वजनंमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, पडताळणी दर १२ महिन्यांनी करून शिक्का घ्यावा लागतो, लोखंडी वजनं-तराजू असेल तर २४ महिन्यांनी, प्रमाणपत्र लॅमिनेट करून छपराला लटकवा. काट्याखाली पाणी जाऊ नये म्हणून त्याला ट्रेपासून हातभर लांब ठेवा, आमचा एक काटा कोथिंबिरीच्या पाण्याने गेला. क्यूआर कोडही काट्याजवळच, पण तिरका आणि सावलीत, उन्हात त्याच्यावर चमक येते आणि माणूस मोबाईल घेऊन गाडीभोवती फिरत राहतो. भावाची पाटी हवीच. बरेच जण लावत नाहीत, म्हणतात गिऱ्हाईक विचारायला थांबतं. मला उलटा अनुभव आहे, लाजाळू माणूस न विचारताच पुढे जातो. शाळेची दगडी पाटी आणि खडू, भाव पाव किलोचा लिहा. तरीही "मावशी, कोथिंबीर कशी?" हे येणारच.

"पंधराला जुडी."

"दहाला द्या की, रोजची आहे मी."

"रोजच्याच आहात म्हणून तर निवडून ठेवलीये, ही बघा."

पिशव्यांसाठी काट्याखाली एक खण करा. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग बंद आहेत, कागदी पिशव्या ठेवा, आणि खण बंद होणारा हवा नाहीतर पहिल्या वाऱ्यात सगळ्या पिशव्या रस्त्यावर.

रात्रीचा दिवा. नऊ वॉटचा एलईडी चार तास लावला तर छत्तीस वॉट-तास लागतात. १२ व्होल्ट सात अँपिअर-तासाच्या बॅटरीत चौऱ्याऐंशी असतात, पण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे बेचाळीस धरा, बरोबर पुरतं. बल्ब ना अगदी पिवळा ना निळसर, मधला घ्या, पिवळ्यात पालेभाजी शिळी वाटते आणि निळसर उजेडात टोमॅटो मेल्यासारखे दिसतात. सोलर पॅनल, तुषार फवारा वगैरे असलेल्या गाड्याही आहेत, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तशी तीनचाकी बनवलीय. पैसे असतील तर जरूर बघा. आमचं बजेट तेवढं नव्हतं. पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, तेवढ्यात अख्खी गाडी होत नाही पण चाकं, काटा आणि बॅटरी निघू शकते.

वारा. याला घाबरा. पहिल्या गाडीचं छप्पर मामाने वेल्ड करून पक्कं केलं होतं, सात बाय पाच फुटांचं. मेच्या शेवटी वळीव आला, आधी धुळीचा लोट आणि मग एकच झोत, छप्पर शिडासारखं फुगलं आणि अख्खी गाडी कलंडली. वर कलिंगडं होती. ती उतारावरून खाली गेली, तीन रिक्षास्टँडपाशी सापडली, बाकीची रस्त्याच्या कडेला आपटून फुटली आणि आई भर पावसात काटा पोटाशी धरून उभी. कुणाला लागलं नाही म्हणून आज हसून सांगतोय. तेव्हापासून छप्पर वेगळं. खांब चौकटीवरच्या मोठ्या पाइपात नुसते बसतात आणि ताडपत्री चार कोपऱ्यांना सुतळीच्या सरकगाठीने बांधलेली, ओढली की सुटते. वारा वाढला की आधी ताडपत्री सोडायची, भिजली भाजी तर भिजली. ताडपत्रीत मधे मधे हाताएवढ्या चिरा देऊन वरून झाकण शिवलं तर वाराही निघून जातो आणि पाणीही आत येत नाही, हे एका फळवाल्या काकांचं बघून केलं. पावसाळ्यात छपराचा उतार विकणाऱ्याच्या बाजूला ठेवा, गिऱ्हाइकाच्या मानेवर पागोळी पडली की परत येत नाही.

रंग सगळ्यात शेवटी. आधी रेडऑक्साईड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा हात, मारून गाडी तशीच बाहेर काढा आणि वीस लिटरचे पाण्याचे सात जार भरून चढवा, म्हणजे एकशे चाळीस किलो झाले, आणि जी व्यक्ती रोज ढकलणार आहे तिला घरापासून जागेपर्यंत ढकलायला लावा. तुम्ही नुसतं शेजारून चाला. कुठे थांबते, कुठे दांडा टोचतो, कुठे वळताना चाक घासतं ते खडूने गाडीवरच लिहा. आमच्या गाडीवर नऊ खुणा झाल्या होत्या, मामाने न बोलता ग्राइंडर काढला. दांड्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचं वेटोळं त्यातूनच आलं.

सगळं झालं, पिवळा ऑइलपेंट मारला, मामाने नारळ फोडला, आणि आई गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "माझा डबा कुठं ठेवायचा?" तीन महिने मापं घेत होतो, क्रेटची, वांग्याची, गिऱ्हाइकाच्या पिशवीची. सपाट भागाखाली मुंग्या येणार नाहीत असा झाकणाचा दहा इंची खण दुसऱ्या दिवशी वेल्ड केला, शेजारी पाण्याच्या बाटलीला कडी आणि दुमडून आत सरकेल असं बसायचं स्टूल. तुम्ही आधीच करा, नंतर केलं की रंग जळतो.